आधी पाणी कमी करा, मग फोटोशॉप उघडा

डिसेंबर-जानेवारी आला की आमच्या ऑफिसात दोन प्रकारचे फोटो फिरायला लागतात. एक हुरडा पार्टीचे आणि दुसरे मालवणचे. हुरड्याच्या फोटोंबद्दल कुणाची काही तक्रार नसते. मालवणचे फोटो मात्र सगळे सारखेच. मास्कमागे बटबटीत डोळे, तोंडात रेग्युलेटर, बोटांनी केलेली 'ओके'ची खूण आणि या सगळ्यावर शेवाळी हिरव्या रंगाचा एक जाड थर. यातला टीम लीड कोणता आणि त्याचा मेव्हणा कोणता हेही सांगता येत नाही. मग पुढचा प्रश्न ठरलेला. "अरे, तुझा तो इमेज प्रोसेसिंगचा विषय होता ना? जरा नीट करून दे की."

आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला घेतलेला एक विषय, एवढंच काय ते भांडवल. पण प्रश्न मला आवडतो, कारण त्याच्या पोटात एक मोठा गैरसमज आहे. फोटो काढायचा कसाही, मग सॉफ्टवेअर आहेच की! हल्ली तर एका बटणावर सगळं होतं. पाण्यातला हिरवेपणा जातो, चेहरा गुलाबी होतो, मासे चमकायला लागतात.

माझं म्हणणं अगदी थोडक्यात सांगतो. पाण्याखालच्या फोटोचा दर्जा पाण्याखालीच ठरतो, लॅपटॉपवर नाही. आणि लॅपटॉपवर (किंवा फोनवर) जे होतं त्यातलं 'सुधारणं' किती आणि 'बनवणं' किती, हे आपल्याला ओळखता यायला हवं. समुद्राच्या बाबतीत हा फरक आता नुसत्या आवडीनिवडीचा राहिलेला नाही. तो का, ते पुढे येईलच. आधी थोडं फिजिक्स. घाबरू नका, अकरावीच्या पुढे जाणार नाही :)

पाणी पारदर्शक असतं असं आपण म्हणतो ते ग्लासभर पाण्याबद्दल खरं आहे. दहा मीटर पाणी पारदर्शक वगैरे नसतं, ती चक्क एक रंगीत काच असते. पाणी प्रकाश शोषून घेतं आणि सगळे रंग सारखे शोषत नाही. प्रयोगशाळेतल्या अगदी शुद्ध पाण्याचे आकडे घेऊ. ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश एक मीटर पाण्यातून गेला की साधारण ७१ टक्के उरतो. पाच मीटरनंतर १८ टक्के. दहा मीटरनंतर जेमतेम ३ टक्के. त्याच दहा मीटरमध्ये ५५० नॅनोमीटरचा हिरवा निम्म्याहून जास्त उरतो आणि ४५० नॅनोमीटरचा निळा तर ९० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे लाल रंगाच्या पगारातून दर मीटरला २९ टक्के कापले जातात, आणि तेही दर वेळी हातात उरलेल्या रकमेतून. चक्रवाढ व्याजाचं उलटं गणित.

हे झालं शुद्ध पाण्याचं. आपल्या कोकण किनाऱ्याचं पाणी म्हणजे काही बाटलीबंद पाणी नव्हे. त्यात नद्यांनी आणलेला गाळ असतो, डोळ्यांना न दिसणारं प्लवक असतं आणि कुजलेल्या पाल्याशेवाळाचा पिवळसर अर्क उतरलेला असतो. प्लवक आणि हा अर्क दोघेही निळा रंग खातात. लाल पाण्याने खाल्ला, निळा यांनी खाल्ला, राहिला कोण? हिरवा. म्हणून लक्षद्वीपचे फोटो निळे येतात आणि मालवणचे हिरवे. यात कॅमेऱ्याची काही चूक नाही. तो बिचारा जे समोर आहे तेच सांगतोय.

आता एक गोष्ट जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. प्रकाशाला फक्त वरून खाली यायचं नसतं. तुमच्या मित्राच्या लाल टी-शर्टवर आपटून त्याला कॅमेऱ्यापर्यंत आडवंही यायचं असतं. तुम्ही पाच मीटर खोल आहात आणि मित्र तीन मीटर लांब आहे, तर एकूण प्रवास झाला आठ मीटर. वरच्याच हिशोबाने लाल प्रकाश उरला साडेसहा टक्के. तोच मित्र एक मीटरवर आला तर प्रवास सहा मीटर आणि उरलेला लाल १३ टक्के. म्हणजे काहीही खर्च न करता, नुसतं दोन मीटर पुढे सरकून, लाल रंग दुप्पट! कुठल्याही फिल्टरला, कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरला हे जमत नाही, कारण सॉफ्टवेअर दुप्पट करतं तो आकडा असतो. पुढे सरकून दुप्पट होतो तो खरोखरचा प्रकाश.

दुसरी भानगड धुक्याची. जुलै महिन्यात रात्री खंडाळ्याच्या घाटात ढग उतरलेले असताना हाय बीम लावून बघा. रस्ता दिसण्याऐवजी समोर एक पांढरी भिंत उभी राहते. दिव्याचा प्रकाश रस्त्यापर्यंत पोचायच्या आधीच थेंबांवर आपटून तुमच्याच डोळ्यात परत येतो. समुद्रात थेंबांच्या जागी गाळाचे कण आणि प्लवक. फ्लॅश लेन्सला चिकटून असला की वस्तूपेक्षा आधी हे कणच उजळतात, आणि फोटोत बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके येतात. याला बॅकस्कॅटर म्हणतात. फोनमध्ये फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असतो, त्यामुळे वॉटरप्रूफ कव्हरमधल्या फोनचा फ्लॅश हा पाण्याखाली हमखास घात करतो. तो सरळ बंद करावा.

थोडक्यात काय, तर पाण्याखालच्या फोटोतला प्रत्येक पिक्सेल ही एक बेरीज असते. एक हिस्सा वस्तूकडून आलेला, वाटेत खंगलेला प्रकाश. दुसरा हिस्सा मधल्या पाण्याने स्वतःच्या पदरचा मिसळलेला प्रकाश. अंतर वाढलं की पहिला कमी होतो आणि दुसरा वाढतो. फोटो सुधारायचा म्हणजे पहिला वाढवायचा आणि दुसरा कमी करायचा. बाकी सगळा तपशील.

आणि गंमत म्हणजे हे ज्ञान काही आजचं नाही. फ्रान्समध्ये लुई बूताँ नावाच्या जीवशास्त्रज्ञाने १८९३ साली भूमध्य समुद्रात कॅमेरा घेऊन बुडी मारली आणि थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं की खाली स्वतःचा उजेड न्यावा लागणार. मग मॅग्नेशियम जाळून फ्लॅश करायची खटपट झाली. पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो १९२६ सालचे. फ्लोरिडाजवळच्या ड्राय टोर्टुगास बेटांपाशी विल्यम लाँगली हे शास्त्रज्ञ आणि नॅशनल जिओग्राफिकचे फोटोग्राफर चार्ल्स मार्टिन यांनी ते काढले. पाण्यावर एक तराफा, तराफ्यावर मॅग्नेशियमची पावडर, आणि खाली फोटो काढायच्या क्षणी वर तिचा भडका! एका माशाच्या फोटोसाठी अक्षरशः स्फोट करत होते हे लोक. जानेवारी १९२७ च्या अंकात ते फोटो छापून आले. शंभर वर्षांपूर्वी, कॉम्प्युटर नावाची वस्तू नसताना, त्यांना जे कळलं होतं ते आपण 'ऑटो एन्हान्स'च्या नादात विसरलो आहोत. रंग हवा असेल तर तो खाली घेऊन जावा लागतो. घरी आल्यावर तो मिळत नाही.

मग करायचं काय? माझ्या मते क्रम असा लावावा.

पहिलं, जवळ जा. आणि वाटतंय त्यापेक्षाही जवळ जा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्यामुळे मास्कच्या सपाट काचेतून सगळं एक चतुर्थांशाने जवळ आणि एक तृतीयांशाने मोठं दिसतं. डोळ्यांना दीड मीटर वाटतं तेव्हा खरं अंतर दोन मीटर असतं. पाणी तुमचा रंग तर चोरतंच, वर अंतराबद्दल खोटंही बोलतं. म्हणूनच जाणते फोटोग्राफर झूम लेन्स नेत नाहीत. अगदी रुंद कोनाची, चक्क फिशआय लेन्स नेतात आणि तिच्यापुढे घुमटासारखी गोल काच लावतात, म्हणजे पाण्यामुळे कोन आक्रसत नाही आणि हातभर अंतरावरूनही अख्खा माणूस फोटोत मावतो. पाण्याखाली झूम करणं म्हणजे मधलं सगळं पाणी मोठं करून बघणं.

इथे एक अडचण आहे, आणि ती कॅमेऱ्याची नाही. जवळ जायचं तर पाण्यात एका जागी तरंगता आलं पाहिजे. हात-पाय झाडले की तळातली वाळू उडते, आणि पुढची पाच मिनिटं सगळ्यांचेच फोटो मातीत. त्याहून वाईट म्हणजे फिन प्रवाळाला लागते. वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर एवढ्या वेगाने वाढणारी गोष्ट एका लाथेत तुटते. म्हणून नवीन कॅमेरा हाउसिंगवर तीस-चाळीस हजार घालवण्याआधी त्यातला थोडा भाग डायव्हिंगच्या कोर्सवर खर्च करा, असा माझा आगाऊ सल्ला. तरंगणं जमलं की फोटो आपोआप सुधारतात आणि समुद्राचंही कमी नुकसान होतं. पहिल्यांदाच जाताय आणि इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून नेणार असेल, तर होडीतच सांगून ठेवा की दादा, व्हिडिओ कमी काढा, पण जवळून काढा. एवढ्या एका वाक्याने फरक पडतो.

दुसरं, उजेड. सूर्य डोक्यावर असताना उतरा. तिरपी किरणं पृष्ठभागावरून जास्त परावर्तित होतात आणि पाण्यातून प्रवासही जास्त करतात, त्यामुळे साधारण दहा ते दोन ही वेळ उत्तम. सूर्य तुमच्या पाठीमागे ठेवा. टॉर्च किंवा स्ट्रोब असेल तर तो लेन्सपासून लांब, हात पसरून बाजूला धरा. म्हणजे तिरपा उजेड वस्तूवर पडतो, पण लेन्ससमोरचं पाणी उजळत नाही. पाण्यातल्या भारी कॅमेऱ्यांना खेकड्यासारखे दोन लांब हात असतात ते शोभेसाठी नाहीत. अर्धा मीटर अंतरावरून फ्लॅश मारला तर त्या प्रकाशाचा जाऊन-येऊन प्रवास एक मीटर. लाल ७१ टक्के शाबूत! वर पाणी पाच मीटर आहे की वीस, याचा त्या प्रकाशाशी काही संबंध नाही.

तिसरं, उजेड न्यायची सोय नसेल तर लाल फिल्टर. पण तो काय करतो हे समजून घ्या. तो लाल रंग आणत नाही, तो निळा-हिरवा अडवतो, म्हणजे तिघांचं प्रमाण जरा बरोबरीला येतं. वर्गातल्या ढ मुलाचे मार्क वाढवायच्या ऐवजी हुशारांचे कापले, तसं. त्यामुळे फोटो काळोखतो. साधारण पाच ते पंधरा मीटरमध्ये, निळ्या पाण्यात आणि भरपूर उन्हात तो कामाचा. हिरव्या पाण्यात मजेंटा फिल्टर घ्यावा लागतो. आणि अगदी खोलवर दोन्ही निरुपयोगी, कारण शून्याच्या जवळ असलेल्या गोष्टीचं प्रमाण काय सुधारणार?

चौथं, कॅमेऱ्यात रॉ फॉरमॅट असेल तर तोच वापरा. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने पांढरा रंग कोणता हे आधीच ठरवून टाकलेलं असतं आणि बाकीची माहिती फेकून दिलेली असते. वर एका चॅनेलला २५६ पायऱ्या. लाल चॅनेल त्यातल्या तळाच्या मोजक्या पायऱ्यांवर गर्दी करून उभा असतो. तो ताणला की रंगाचे पट्टे आणि दाणे दिसायला लागतात. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या. त्यातले तीन टक्के म्हटले तरी ४९० होतात. त्यातही नॉइज असतोच, पण निदान ताणायला काहीतरी हातात असतं. शिवाय एक पांढरी किंवा राखाडी प्लास्टिकची पाटी सोबत ठेवा. खोली बदलली की तिचा एक फोटो काढा. घरी आल्यावर 'ही पाटी राखाडी आहे' एवढं सॉफ्टवेअरला सांगितलं की त्याच खोलीवरचे आणि साधारण तेवढ्याच अंतरावरचे फोटो बरेचसे मार्गाला लागतात. दोनशे रुपयांच्या आतलं काम.

हे सगळं करून झाल्यावर फोटोशॉप उघडा. आता आपल्या धंद्याच्या गोष्टीकडे वळू.

सॉफ्टवेअरने पाण्याखालचे फोटो सुधारायचे प्रयत्न बरेच जुने आहेत. सगळ्यात साधा उपाय म्हणजे प्रत्येक चॅनेलचा हिस्टोग्राम ताणणे. त्याच्या जोडीला 'ग्रे वर्ल्ड' नावाचं एक गृहीतक असतं: चित्रातल्या सगळ्या रंगांची सरासरी काढली तर ती राखाडी यावी. लग्नाच्या हॉलमध्ये हे बऱ्यापैकी चालतं. पण ज्या फोटोचा अर्धा भाग मुळातच निळं पाणी आहे तिथे सरासरी राखाडी कशी येणार? सॉफ्टवेअर ती जबरदस्तीने आणतं आणि वाळू गुलाबी होते.

मग २००९ मध्ये धुकं काढण्याची एक फार सुंदर पद्धत आली, 'डार्क चॅनेल प्रायर'. काइमिंग हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. कल्पना अशी: स्वच्छ हवेतल्या फोटोच्या कुठल्याही छोट्या तुकड्यात लाल, हिरवा, निळा यातला निदान एक तरी कुठेतरी जवळजवळ काळा असतो. तो काळा दिसत नसेल तर तिथे धुकं आहे. लोकांनी हेच पाण्यात लावून बघितलं आणि गंडलं. कारण पाण्याखाली लाल चॅनेल सगळीकडेच काळा! अल्गोरिदमला वाटतं, वा, धुकं कुठेच नाही, सगळं झकास. टिपिकल बग. कोडमध्ये चूक नाही, गृहीतक दुसऱ्या गावचं. मग लाल वगळून फक्त हिरवा-निळा बघा, लाल कमी पडला तर हिरव्याकडून उसना घ्या, असे उपाय निघाले. पण उसना घेतलेला लाल हा लाल नसतो. तो 'इथे लाल असावा' असा एक अंदाज असतो.

आणि आता आली मशीन लर्निंग. इथे मला खरा प्रश्न पडतो. कुठल्याही मॉडेलला शिकवायचं म्हणजे 'हा वाईट फोटो, हा त्याचाच चांगला फोटो' अशा जोड्या लागतात. पण पाणी काढून टाकलेल्या समुद्राचा फोटो आणायचा कुठून? ते खडक रिकामे करून कोणी फोटो काढू शकत नाही. या क्षेत्रात खूप वापरला जाणारा यूआयईबी नावाचा डेटासेट २०१९ मध्ये आला. त्यात ९५० फोटो आहेत. त्यातल्या ८९० ना 'आदर्श' जोडीदार आहेत. ते कसे तयार केले? एकेका फोटोवर बारा वेगवेगळ्या पद्धती चालवल्या आणि स्वयंसेवकांना विचारलं, यातला सगळ्यात चांगला कोणता वाटतो? जो निवडला तो आदर्श. करणाऱ्यांनी हे लपवलेलं नाही आणि त्यांच्यापुढे फारसा पर्यायही नव्हता. पण आपण आयटीवाल्यांनी तरी ओळखायला हवं की हे म्हणजे कोडचं आउटपुट बघून टेस्ट केस लिहिण्यासारखं झालं. अशा जोड्यांवर शिकलेलं मॉडेल 'खाली काय होतं' हे शिकत नाही. 'लोकांना काय आवडतं' हे शिकतं.

दर्जा मोजायच्या मापांचंही तेच. मूळ फोटोशी तुलना न करता गुण देणारी जी प्रचलित मापं आहेत ती रंगांचा भडकपणा, धारदारपणा आणि कॉन्ट्रास्ट मोजतात. मग काय, सॅच्युरेशन वाढवा, गुण वाढतात. अप्रेझलच्या फॉर्मवर जे कॉलम असतात तेवढंच काम लोक करतात, त्यातलाच प्रकार.

सगळं चित्र निराशाजनक आहे असं नाही. देर्या अक्कायनाक आणि ताली ट्राइबित्झ या दोन संशोधिकांनी २०१९ मध्ये 'सी-थ्रू' नावाची पद्धत मांडली, ती मला मनापासून आवडते. त्यांनी आधी मूळ समीकरणच दुरुस्त केलं. वस्तूकडून येणारा प्रकाश ज्या दराने कमी होतो आणि मधल्या पाण्याचा प्रकाश ज्या दराने वाढतो, ते दोन दर एकच धरले जात होते. ते वेगळे आहेत, हे त्यांनी दाखवलं. मग एकाच जागेचे वेगवेगळ्या कोनांतून बरेच फोटो घेऊन प्रत्येक पिक्सेल किती लांब आहे ते काढायचं, आणि त्या अंतरानुसार पाण्याचा हिस्सा वजा करायचा. इथे कोणाला काय आवडतं याचा प्रश्नच नाही, इथे हिशोब आहे. पण बघा, या पद्धतीलाही काय लागतं? रॉ फाइल, अंतराची माहिती आणि पुरेसा प्रकाश. म्हणजे पुन्हा पाण्याखाली नीट काम केलेलं असणं. फुकट काहीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, आम्ही वर्षातून एकदा मालवणला जातो, एक डीपी बदलतो. कशाला एवढं डोकं? बरोबर आहे. डीपीला हवा तेवढा गुलाबी रंग फासा, माझी ना नाही. लग्नाच्या अल्बममध्ये तरी कुठे सगळे खऱ्या रंगाचे असतात?

पण समुद्राखालचा फोटो नेहमी नुसती आठवण नसतो. तो पुरावाही असतो. पाणी फार काळ तापलेलं राहिलं की प्रवाळ आपल्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. यालाच ब्लीचिंग म्हणतात. लक्षद्वीपमध्ये हे १९९८ मध्ये झालं, २०१० मध्ये झालं, २०१६ मध्ये झालं आणि २०२४ मध्ये पुन्हा झालं. २०२४ च्या एप्रिलमध्ये तर जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग चालू असल्याचं अमेरिकेच्या नोआ या संस्थेने जाहीर केलं. आणि ब्लीचिंग ओळखायची खूण कोणती? रंग. नेमकी तीच गोष्ट, जी पाणी खातं आणि सॉफ्टवेअर बनवतं.

त्यात आणखी एक गोम. निरोगी प्रवाळ जाहिरातीतल्यासारखं गुलाबी-जांभळं असतंच असं नाही. बरंचसं तपकिरी, पिवळसर, मातकट असतं, कारण तो रंग त्या शैवालाचा असतो. 'लोकांना आवडेल असं' शिकलेल्या मॉडेलला मातकट रंग आवडत नाही. ते त्याला उजळ करतं. आणि पांढऱ्या पडलेल्या प्रवाळाला रंगाची छटा देतं, कारण शिकताना बघितलेली प्रवाळं रंगीत होती. म्हणजे जिवंत होतं ते फिकट दिसणार आणि मरायला टेकलं होतं ते टवटवीत! फोटो दोन्ही वेळा 'सुधारलेला'च.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. त्या पाण्यातही प्रवाळ आहे. पण तेव्हाच्या तळाचे किती रंगीत फोटो आज आपल्याकडे आहेत? आणि आज मात्र सीझनमध्ये रोज शेकडो लोक कॅमेरा घेऊन उतरतात. उद्या वीस वर्षांनी कुणाला तो तळ आधी कसा होता हे बघायचं असेल, तर हेच फोटो असणार. तुमचे, माझे, टीम लीडच्या मेव्हण्याचे. ते सगळे एकाच ॲपने एकाच छापाचे गुलाबी केलेले असले, तर त्या माणसाला आपण काय दिलं?

यावरचा उपाय महागडा नाही हे सांगायलाच हा सगळा खटाटोप. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात २००२ पासून 'कोरलवॉच' नावाचा उपक्रम चालतो. त्यांचं मुख्य साधन काय? तर एक प्लास्टिकचं कार्ड. त्यावर फिक्या ते गडद अशा सहा पायऱ्यांच्या रंगपट्ट्या. प्रवाळाशेजारी कार्ड धरायचं आणि कुठल्या पायरीशी जुळतं ते लिहायचं. डोक्यालिटी बघा! पाण्याने रंग बदलला तर कार्डाचाही तेवढाच बदलतो. पाणी दोन्हीकडून वजा होतं. ना मॉडेल, ना सर्व्हर, ना सबस्क्रिप्शन. आपली ती राखाडी पाटी हे त्याचंच धाकटं भावंड आहे. फ्रेममध्ये एखादी ओळखीच्या रंगाची वस्तू असली की तो फोटो वीस वर्षांनीही खरा करता येतो.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत, आणि त्या आपण रोज ऑफिसात पाळतो त्याच आहेत. एक, मूळ फाइलला हात लावायचा नाही. जी काही रंगरंगोटी करायची ती कॉपीवर. मास्टर ब्रँचवर थेट कोड ढकलणाऱ्याला आपण काय म्हणतो ते आठवा. दोन, फोटोबरोबर एक ओळ लिहायची: जागा, तारीख, अंदाजे खोली, उजेड कुठला, आणि नंतर काय बदललं. कमिट मेसेज लिहितो तसंच, फक्त 'मायनर चेंजेस' असं लिहू नका. तीन, ॲप बनवणाऱ्यांनी (म्हणजे आपल्यापैकीच कोणीतरी) दोन वेगळी बटणं द्यावीत. एकावर 'दुरुस्त करा' आणि दुसऱ्यावर 'सजवा'. पहिलं बटण हिशोब करेल आणि माहिती नसेल तिथे गप्प बसेल. दुसरं वाट्टेल ते करो. आज ही दोन्ही कामं एकाच 'एन्हान्स' नावाच्या बटणाखाली चालतात, आणि माझा सगळा राग त्या एका शब्दावर आहे.

सॉफ्टवेअरवर पोट असलेल्या माणसाने सॉफ्टवेअर कमी वापरा म्हणावं हे जरा विचित्र वाटेल. पण आपल्या धंद्यात पहिल्या वर्षीच शिकवतात की कचरा आत गेला तर कचराच बाहेर येतो. नवीन इतकंच आहे की हल्ली बाहेर येणारा कचरा फार देखणा असतो. त्यामुळे पुढच्या वेळी कोणी हिरवा फोटो पाठवून 'नीट करून दे' म्हणालं, तर मी आधी एवढंच विचारणार आहे: किती लांबून काढलास?

असो. बघा पटतंय का.